उजवी कड

४ सप्टेंबर

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं. मग बाळ मध्ये पडतो, आणि बाळ मध्ये पडला की मूळ मुद्दा कुणालाच आठवत नाही. पत्राचं बरं असतं. माझं पुरतं बोलून होईपर्यंत तुला गप्प बसावं लागतं.

तर आईच्या गोष्टी टंकून झाल्या. शिंप्याच्या आणि त्याच्या बोलक्या कात्रीच्या, सगळ्या. आई शिलाईयंत्रावर लोकांचे कपडे शिवायची आणि मी नि बाळ खाली चिंध्यांत बसून ऐकायचो, त्याच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला खुर्ची सोडून कुठे जाता येत नाही, म्हटलं बसल्या बसल्या एवढं तरी होईल. फाइल बाळच्या ई-मेलवर पाठवली आहे. माझ्याकडे प्रिंटर नाही, तुझ्याकडे आहे, आणि आईही तुझ्याचकडे आहे. तू एवढंच करायचंस: अक्षरं मोठी करायची, छापायचं आणि आईच्या हातात द्यायचं.

वाचून दाखवायचं नाही. बाळने मागे तिला पेपरातली बातमी वाचून दाखवली, तर तिने ती अर्ध्यावर तोडून वेगळीच संपवली म्हणे. "मी सांगणारी आहे, ऐकणारी नाही" हे तिचं उत्तर तूच मला कळवलं होतंस. डॉक्टर म्हणतात तिचा उजवा डोळा गेलाच, डाव्याला अजून काही महिने मोठी अक्षरं दिसतील. त्या काही महिन्यांत तिने आपल्या गोष्टी आपल्या डोळ्यांनी वाचाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. तिने त्या कागदावर कधी पाहिलेल्याच नाहीत.

आता जरा पान नीट बघ. उजवी कड बघ. आमच्या कचेरीत डावी कड सगळ्यांचीच सरळ असे. ती टंकयंत्रच करतं, त्यात बाईचं काय कौतुक? उजवी कड सरळ टंकणारी मी एकटी. ओळ किती कमी पडणार ते मनात धरायचं आणि तेवढ्या मोकळ्या जागा शब्दांमध्ये वाटून टाकायच्या, कुणाला कळणार नाही अशा. मोठे साहेब माझ्या पत्राला पट्टी लावून बघायचे आणि काही न बोलता मान हलवायचे. मिशनच्या शाळेत टंकलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, "कागदाची कड म्हणजे मुलीची वेणी. लांबूनसुद्धा दिसते."

संगणकावर हे फार अवघड आहे. इथे प्रत्येक अक्षराची रुंदी निराळी. पण मी पडद्यावर उजवीकडे चिकटपट्टीची एक उभी रेघ लावली आहे. ओळ तिला टेकेपर्यंत स्पेसबार दाबायचा, टेकली की एंटर. एका पानाला एक अख्खी सकाळ लागते. पाच महिने लागले. तू छापखान्यात जन्मभर पानं लावलीस, तेव्हा निदान तुला तरी हे कळेल.

बाळला सांग, स्वेटर घालत जा.

तुझी,
वन्सं


१३ सप्टेंबर

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

फाइल पोचली. उजवी कड पाहिली. यांनी तर पडद्याला खरंच पट्टी लावली आणि "याला म्हणतात काम!" असं मला ऐकवलं. तुमचं बाळ पासष्टीला आलं तरी ताईचं नाव निघालं की छाती काढून चालतं.

मग मी तुम्ही सांगितलंत तसं केलं. सगळं निवडलं आणि अक्षरं मोठी केली.

वन्सं, पुढचं बसून वाचा. बसलेल्याच आहात, पण तरी. प्रत्येक ओळ मोठी झाली आणि पानात मावेना. तिचे शेवटचे दोन शब्द खाली पडले आणि तिथेच एकटे राहिले, कारण त्यांच्यापुढे तुमचं एंटर उभं. मग पुन्हा एक भरलेली ओळ, पुन्हा दोन अनाथ शब्द. लांब, आखूड, लांब, आखूड. पानाला करवतीचे दात आले. एका ओळीत कात्री म्हणते, "शिंपीदादा, तू लबाड", आणि खालच्या ओळीत एकटंच, "नाहीस." मथळे तुम्ही स्पेसबार दाबून मध्यावर आणले होतेत, ते सरकत सरकत उजव्या भिंतीला जाऊन टेकले.

खुणा दाखवायचं एक बटण असतं. ते दाबलं की एरवी न दिसणारं सगळं दिसतं. मोकळ्या जागेला ठिपका, एंटरला उलट्या पीसारखी खूण. मी बटण दाबलं आणि पानभर मोहरी सांडली! ओळीओळीच्या टोकाला उलटा पी. संगणकाचं असं असतं की एंटर दाबलं म्हणजे त्याला वाटतं परिच्छेद संपला. तुमच्या लेखी ती एक सलग गोष्ट आहे. त्याच्या लेखी शेकडो परिच्छेद, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आपल्या घरातल्यासारखं.

पण काळजी करू नका, दुरुस्त केलं. माझ्याकडे प्रबंध लावून घ्यायला मुलं येतात, त्यांचीही हीच तऱ्हा. खरा परिच्छेद संपतो तिथे तुम्ही दोन एंटर दिले आहेत, ते बरं केलंत. तिथे मी आधी खुणेपुरती एक चांदणी (*) ठेवली. मग उरलेले एकेकटे एंटर काढून टाकले, जास्तीच्या मोकळ्या जागा पुसल्या आणि चांदणीच्या जागी एंटर परत आणलं. हे सगळं संगणकाला एकदाच सांगायचं, तो फाइलभर करत जातो. चहा उकळेपर्यंत झालं. आता अक्षरं कितीही मोठी करा, ओळी आपल्या आपण वाहतात.

छापण्याआधी तुमच्या नजरेखालून जावी म्हणून साफ फाइल परत पाठवली आहे. आई रोज विचारतात, "बेबीचं आलं का?" तेव्हा लवकर बघा.

तुमची,
वहिनी


२१ सप्टेंबर

प्रिय वहिनीस,
आशीर्वाद. (अनेक नाहीत. एक.)

चहा उकळेपर्यंत!

माझे पाच महिने तू एका आधणात ओतलेस आणि वर मला सांगतेस, काळजी करू नका. मोहरी काय म्हणतेस? ती मोहरी मी एकेक दाणा हाताने पेरली होती. छापखान्यात राहून तुला पानाची कदर असेल असं वाटलं होतं. तुझं म्हणजे, दुसऱ्याने घातलेली रांगोळी फडक्याने पुसायची आणि म्हणायचं, फरशी बघा कशी लख्ख झाली!

फाइल उघडली. उजवीकडे बघवेना. ओळी अशा उभ्या आहेत जशी माणसं बसथांब्यावर असतात. कुणी पुढे, कुणी मागे, रांग म्हणून नाही. आईने आयुष्यात वाकडी शिवण चालवून घेतली नाही. माझ्या फ्रॉकचा अख्खा घेर तिने मला उसवायला लावला होता, का, तर एक टाका वर गेला होता. त्या बाईच्या हातात हे द्यायचं? ती म्हणेल, बेबी म्हातारी झाली.

असो. मोठं मन करून मी शुद्धलेखन तेवढं तपासून देईन. बाकी कशाला हात लावणार नाही. तपासायला मात्र वेळ लागेल.

वन्सं


१८ ऑक्टोबर

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

तपासलेली फाइल आली. दोन वेलांट्या दुरुस्त केल्यात, आभारी आहे. बाकी कशाला हात लावलेला नाही, असं तुम्ही ई-मेलात लिहिता.

मी बटण दाबलं. वन्सं, मोहरी परत सांडली आहे. पहिली गोष्ट अख्खी आणि दुसरी अर्ध्यापर्यंत. तिथे बहुधा गुडघा दुखला असावा.

रागावले नाही. थोडी रागावले, पण भांडी घासताना गेला राग. तुम्हांला वाटतं मला कदर नाही. वन्सं, सरळ कडेचं वेड मलाही आहे. मागच्या वर्षी दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतली एक ओळ इकडे सरकलेली दिसली, तर मी त्या लग्नात जेवले नाही. पण हाताने सरळ केलेली कड अक्षर मोठं केलं की मोडणारच. तिथे तुमची चूक नाही. तुम्ही टंकलंत ते न हलणाऱ्या कागदासाठी, आणि हे पान हलतं.

तेव्हा हा तह. जस्टिफाय म्हणून एक बटण आहे. ते दोन्ही कडा सरळ करतं. ओळीला जेवढं कमी पडेल तेवढं शब्दांमध्ये वाटून देतं. म्हणजे तुम्ही मनात करत होतात तेच. फक्त चिकटपट्टी लागत नाही. मोहरी झाडून मी सगळ्या फाइलला ते बटण लावलं आहे. नमुन्याचं एक पान सोबत पाठवते. तुमचा मान राहिला आणि माझी फाइलही.

हे मध्ये पडलेच. म्हणाले, "ताईचं जसं आहे तसं छाप, बारीक तर बारीक. आपण आईला मोठं भिंग आणू." आणलं. एवढं मोठं आणलं की त्यातून सबंध घरात फक्त यांचं नाक दिसतं.

आता खरं ते सांगते. परवा आईंना डॉक्टरांकडे नेलं होतं. तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरी आपल्या मनाने सांगितली. अशी ठसक्यात सांगितली, की डॉक्टर हसले. मी नाही हसले. तुमच्या-माझ्या मानापमानाला आता फार वेळ उरलेला नाही. म्हणून तुमच्या उत्तरासाठी थांबत नाही, छापायला घेते.

तुमची,
वहिनी


२७ ऑक्टोबर

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

नमुन्याचं पान मिळालं. पट्टी लावली. सरळ आहे. वर सरळ, मध्ये सरळ, खाली सरळ. आधी मला राग आला, मग रडू आलं, मग शेजारीणबाई आल्या म्हणून दोन्ही आवरलं.

हो, घातल्या मोकळ्या जागा. पहिल्या गोष्टीला आणि दुसरीला. हात ऐकेना. दुसरीच्या मध्यावर गुडघा नव्हता दुखला, बोट दुखलं.

एकच विचार डोक्यातून जात नाही. हे बटण आमच्या कचेरीत असतं तर मोठे साहेब कुणाकडे बघून मान हलवत असते? त्या लांबट खोलीत आम्ही अकराजणी होतो. दुपारी सगळी यंत्रं एकदम चालू झाली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मला त्या आवाजात घरी असल्यासारखं वाटायचं. आईच्या यंत्राची मला एवढी सवय. पहिल्या पगारात मी तिच्या शिलाईयंत्राला लावायला दिवा आणला होता, वाकवता येणाऱ्या मानेचा. म्हणाली, "दिवा कशाला? मला अंधारातही सुई दिसते." आणि दिसायची गं. वीज गेली तरी तिचं यंत्र थांबायचं नाही, आणि गोष्टही नाही.

तेव्हा आता सविस्तर लिही. पुस्तक हातात दिल्यावर आईचा चेहरा कसा झाला, पहिलं काय बोलली, कुठे हसली. बाळला विचारून उपयोग नाही, तो "मस्त" म्हणतो. आमच्या बाबांचा दात काढला तेव्हाही तो मस्तच म्हणाला होता.

तुझी,
वन्सं


६ नोव्हेंबर

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

पुस्तक छापून, शिवून आईंच्या हातात दिलं. आई खूश आहेत. रोज दुपारी खिडकीशी बसून वाचतात. गुडघ्याला शेक देत जा. इकडे सर्व ठीक.

वहिनी


१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनीस,

पत्रात शेजारणीच्या मांजरीचं बाळंतपणसुद्धा सविस्तर लिहिणारी तू, आणि हे काय तारेसारखं? चेहरा नाही, बोलणं नाही, हसू नाही. आणि "इकडे सर्व ठीक"? हे वाक्य आपल्या घरात कधी लिहितात ते मला माहीत आहे. बाबा दवाखान्यात होते तेव्हा मला वसतिगृहावर हेच लिहून आलं होतं.

मी ओळखलं. आईला आवडलं नाही. तिच्या तोंडात जी कात्री नाचायची, ती माझ्या हातात कचेरीची कात्री झाली असणार. "आपल्या दिनांकित पत्रास अनुसरून शिंप्याने कळविले की." जन्मभर दुसरं काही टंकलंच नाही, तर गोष्ट कुठून यायची? ती बिचारी चांगलं म्हणत असेल आणि तू मला ते कळवत असशील. मला लहान मुलीसारखं सांभाळू नका. खरं सांग.

बाळला फोन केला होता. मस्त म्हणाला.

वन्सं


२२ नोव्हेंबर

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

आईंनी मला तुम्हांला काही न सांगण्याची शपथ घातली आहे. ती मोडून लिहिते. पाप लागलं तर निम्मं तुमचं.

तुम्ही ओळखलंत ते चूक आहे. आवडलं की नाही हे आईंनाच ठाऊक नाही, कारण त्यांनी ते वाचलेलंच नाही. वाचता येत नाही.

पुस्तक मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसायच्या, पान उलटायच्या आणि "छान" म्हणायच्या. मी समोर भाजी निवडत असायचे. एके दिवशी तीन पानं एकदम उलटली आणि म्हणाल्या, "छान."

मी विचारलं, "आई, शिंप्याचं काय झालं?"

"काय होणार? शिवतोय."

"आणि कात्री?"

"कापतेय."

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाल्या, "बेबीला सांगू नकोस. एवढ्या हौसेनं केलंय तिनं. पण काय गं सूनबाई, ती एकेक वाक्य दोनदोनदा का लिहिते?"

तुम्ही कुठे लिहिता दोनदा? मला कळेना. ते मोठं भिंग घेतलं, एक डोळा हाताने झाकला आणि त्यांच्या खुर्चीत बसून मीच वाचायला लागले. तेव्हा समजलं. एवढ्या मोठ्या अक्षरांत ओळीला चारच शब्द मावतात. कड सरळ व्हावी म्हणून माझं ते बटण त्या चौघांना ओढून पांगवतं. डोळा एका शब्दावरून निघतो आणि मधल्या पांढऱ्यात पडतो. पुढचा शब्द सापडतच नाही. बरं, सगळ्या ओळी एकाच जागी संपतात, त्यामुळे खाली उतरताना आपण कुठल्या ओळीवरून आलो ते कळत नाही. मग पुन्हा तीच ओळ. जन्मभर मी पानं लावली, पण माणूस ती वाचतो कशी हे बघायला माझ्या घरच्या खुर्चीत बसावं लागलं.

मग मी एक पान नुसतं डावीकडून लावलं. डावी कड सरळ आणि उजवी जशी पडेल तशी. कुठे लांब, कुठे आखूड. तुमचा तो बसथांबा. पण शब्दांमधलं अंतर सगळीकडे सारखं, आणि प्रत्येक ओळीचं टोक निराळं, म्हणजे डोळ्याला धरायला काहीतरी आलं. ते पान आईंच्या हातात दिलं आणि काही न सांगता भाजीशी येऊन बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम आवाज आला. त्या मोठ्याने वाचत होत्या. कात्रीचं बोलणं कात्रीच्या आवाजात, शिंप्याचं शिंप्याच्या. हे आतून दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आले आणि दारात उभे राहिले. पान संपेपर्यंत आई एकदाही अडखळल्या नाहीत. संपल्यावर माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, "पुढचं कुठाय?"

पुढचं माझ्या संगणकात आहे. एक बटण दाबायचं, की झालं. पण वन्सं, मी दाबलेलं नाही. मागे तुम्हांला न विचारता चहा उकळेपर्यंत काम उरकलं, तसं पुन्हा करणार नाही. ती कड तुमची आहे. असं पान छापखान्यात कुणी आणलं असतं, तर मीच परत पाठवलं असतं.

आईंना दिवसेंदिवस कमी दिसतंय. पत्र नको, फोन करा. मी भांडणार नाही.

तुमची,
वहिनी


२७ नोव्हेंबर

प्रिय वहिनीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मला "वाकडी कर" एवढंच बोलता आलं. तू "बरं" म्हणालीस. तिसरं वाक्य आलंच नाही, म्हणून भांडणही झालं नाही. उरलेलं इथे लिहिते.

हवी तेवढी वाकडी कर. मथळेही मध्ये नकोत, डावीकडेच आण. तिला मध्यावर जाऊन शोधत बसायला नको. आणि पुढे काहीही कर, मला विचारायला थांबू नकोस. तू माझ्या परवानगीसाठी थांबलीस हे वाचून आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली, की तेवढ्या दिवसांत तिचं एखादं पान राहून गेलं असेल.

माझ्या फ्रॉकचा घेर एका टाक्यासाठी उसवायला लावणारी बाई, आणि ती न दिसणारी पानं उलटून माझ्यासाठी "छान" म्हणत बसली. याचं मी काय करू, सांग. रागावता येत नाही. तिला मिठी मारायला इथून हात पोचत नाहीत.

मोठ्या साहेबांना पट्टी घेऊन बघायला यायचं असेल तर येऊ देत. ते वारले, पण येऊ देत. मी सांगेन, साहेब, तुम्ही माझी पत्रं पट्टी लावून बघितलीत. वाचलीत किती?

पडद्यावरची चिकटपट्टी काढली. डिंक राहिला आहे, घासून जात नाही. तिथली अक्षरं जरा धुरकट दिसतात. तिथे डोळा न्यावाच लागतो, तेव्हा मी आईचा विचार करते.

बाळला म्हणावं, फेस पुसून मग दारात उभा राहा.

तुझी,
वन्सं


१९ डिसेंबर

प्रिय बेबी,

जाड पेनाने लिहिते आहे. एका कागदावर दोनच ओळी बसतात. सूनबाई शेजारी बसून कागद पुरवते आहे, पण वाचत नाही, असं म्हणते.

सगळं पुस्तक वाचलं. माझं मी वाचलं.

पहिली गोष्ट चांगली उतरली आहे. दुसरीत कात्री फार गोड बोलते. ती गोड नव्हती, खरं बोलणारी होती. बटणांच्या डब्याची गोष्ट वाचताना मी एवढी हसले की ठसका लागला. बाळने पाठीवर थापट्या मारल्या, त्या अजून दुखतात.

आता शेवटची गोष्ट. शिंपी माफी मागतो, कात्री त्याला माफ करते आणि दोघं मिळून नवीन दुकान काढतात, असं तू लिहिलं आहेस. हा शेवट माझा नाही. मी असं कधीच सांगितलेलं नाही.

त्या गोष्टीला तू दर वेळी झोपायचीस. बाळ तुझ्याही आधी. मग मी यंत्र थांबवायची, तुमच्या केसांतले दोरे काढायची आणि एकेकाला उचलून आत नेऊन निजवायची. शेवट तसाच राहून जायचा. इतक्या वर्षांत तो मी कुणालाच सांगितलेला नाही. ऐकायला कोणी जागंच नसायचं.

तो मी लिहून पाठवणार नाही. एवढे कागद घरात नाहीत. गुडघा चालायला लागला की इकडे ये. सूनबाईला टंकायला बसवू. तिला पान कसं लावायचं ते येतं आणि तुला गोष्ट कशी ऐकायची ते येतं, तेव्हा आपलं तिघींचं जमेल.

पण या वेळी जागी राहा. तुला उचलून आत न्यायला आता माझ्यात बळ नाही.

तुझी,
आई